हौशी गळाचा हिशेब

होडीतून हौसेने मासे गरवणाऱ्यांवर काही बंधन घालायचं म्हटलं, की वाद ठरलेल्या वळणानेच जातो. परवान्याचा विषय निघो, दिवसाला किती मासे न्यायचे याची मर्यादा असो, विणीच्या काळातली बंदी असो, हौशी मंडळींचं पहिलं वाक्य तेच: ट्रॉलर एका ओढीत जेवढं उचलतो तेवढं आम्ही जन्मभरात धरत नाही, आधी त्यांना विचारा. पलीकडून उत्तर येतं, की त्यांचं पोट आहे आणि तुमची मजा. मजेसाठी जीव घ्यायचा आणि वर हक्क सांगायचा? मग सगळा वेळ जास्त पापी कोण हे ठरवण्यात जातो. मासा कोणता मेला, किती मेला, कोणत्या वयाचा मेला आणि मागे उरले ते पुरेसे आहेत का, हे कुणी विचारत नाही. मी गळ टाकणाऱ्यांतलाच आहे, आणि माझं मत दोन्ही बाजूंना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. होडीतून हौशी मासेमारी करणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असावा, ठेवलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद व्हावी आणि त्या नोंदीवरून मर्यादा ठरावी. क्रमही हाच असावा. आणि सरकारने हे लादण्याची वाट न बघता आपणच ते मागावं.

ट्रॉलरचा मुद्दा खोटा नाही, हे आधी मान्य करू. जगातल्या समुद्री मासळीचा मोठा हिस्सा व्यावसायिक जाळ्यांतूनच येतो. २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मासेमारीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देशाच्या एकूण समुद्री मासळीत हौशींचा वाटा त्यात जेमतेम ४ टक्के निघाला. इथेच थांबलं तर आपण जिंकलो. पण अभ्यास तिथे थांबला नव्हता. मेनहेडन आणि पोलॉकसारखी, कारखान्यांसाठी प्रचंड प्रमाणात धरली जाणारी मासळी हिशेबातून काढली तेव्हा तो वाटा १० टक्के झाला. ज्या जातींचे साठे धोक्यात आहेत तेवढ्यांचाच विचार केला तेव्हा २३ टक्के, आणि मेक्सिकोच्या आखातातल्या अशा जातींमध्ये तर ६४ टक्के. एकच अभ्यास, एकच देश, आणि ४ पासून ६४ पर्यंतचा प्रवास. यात जादू काही नाही. मेनहेडनच्या थव्यामागे कुणी रॉड घेऊन जात नाही. आपण जातो ते खडकावरच्या, सावकाश वाढणाऱ्या, उशिरा वयात येणाऱ्या आणि दोरीला झुंज देणाऱ्या शिकारी माशांमागे. म्हणजे आपला वाटा सगळ्या समुद्रात पसरलेला नाही. तो मोजक्या जातींच्या मानेवर आहे. लाखो टनांच्या सरासरीआड लपून ‘आमचं ते किती’ म्हणणं म्हणजे चुकीच्या भाजकाने भागणं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास याचं सगळ्यांत बोचरं उदाहरण आहे. १९७०च्या दशकात हा मासा झपाट्याने घटला. १९८४ साली त्याच्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. मेरीलँडने १९८५ पासून पाच वर्षं त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली, आणि १९९५ साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. मत्स्यव्यवस्थापनाच्या यशकथांमध्ये ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, आणि त्यात हौशी गळकऱ्यांचा पाठिंबा मोठा होता हेही खरं. पण साठ्याच्या २०१९च्या मूल्यांकनात हाच मासा पुन्हा अतिमासेमारीच्या यादीत गेला. या वेळी ट्रॉलरकडे बोट दाखवायची सोय नव्हती. २०१७ साली माणसाच्या हातून मेलेल्या एकूण स्ट्राइप्ड बासपैकी सुमारे ९० टक्के हौशी मासेमारीत मेले होते. त्यातही घरी नेलेल्यांपेक्षा, सोडून दिल्यावर मेलेल्यांचा आकडा मोठा होता. या दुसऱ्या गोष्टीकडे मी नंतर येतो, कारण आपल्यातल्या सगळ्यांत सज्जन माणसाला तीच झोंबते.

एका प्रकारच्या मासेमाराने दुसऱ्याकडे बोट दाखवणं फार जुनं आहे. १३७६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे एक अर्ज आला. तळ खरवडणारं बारीक आसाचं एक नवं जाळं काही लोकांनी काढलं आहे, त्यात इतके छोटे मासे सापडतात की त्यांचं काय करायचं ते न कळून लोक डुकरांना घालतात, अशी ती तक्रार होती. तेव्हापासून जाळं विरुद्ध गळ, शीड विरुद्ध वाफ, किनारा विरुद्ध खोल पाणी, हा खटला चालूच आहे. १८६३ साली ब्रिटनने त्यावर चौकशी आयोग नेमला. नावाजलेला जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली त्याचा एक सदस्य होता. दोरी-गळाने मासे धरणारे साक्ष देत की ट्रॉलरने समुद्र नासवला. ट्रॉलरवाले सांगत की मासळी पूर्वीइतकीच आहे. दोघेही आपापल्या अनुभवावर शपथ घ्यायला तयार. आयोगाने १८६६ साली शिफारस केली ती जवळपास सगळी बंधनं उठवण्याची. पुढे १८८३च्या लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात हक्सलीने सांगितलं, की मोठ्या समुद्री मासेमारीचे साठे बहुधा अक्षय आहेत आणि माणसाच्या धरण्याने त्यांत फरक पडत नाही. आज या वाक्यावर हसणं सोपं आहे. पण हक्सली मूर्ख नव्हता. त्याच्यापुढे साक्षींचा डोंगर होता आणि मोजणी जवळपास शून्य होती. अशा वेळी हुशार माणूसही आपल्याला सोयीचं तेच निवडतो.

तो खटला पुढे सरकला तो कुणी मोठ्याने ओरडलं म्हणून नव्हे. त्यानंतरच्या दुसऱ्या आयोगाने आकडेवारीच नसल्याची अडचण उघड मांडली आणि बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची पद्धतशीर नोंद वाढत गेली. १९०० साली वॉल्टर गार्स्टँग या शास्त्रज्ञाने त्या आधीच्या दहाएक वर्षांच्या नोंदी घेऊन दाखवून दिलं, की बोटींची ताकद वाढते आहे त्या वेगाने मासळी वाढत नाही. एकेका बोटीच्या वाट्याला येणारी मासळी घटत चालली आहे. ट्रॉलरचा परिणाम सिद्ध झाला तो या चोपडीमुळे. आज आपण ट्रॉलरविरुद्ध जे आकडे फेकतो, ते त्याच पद्धतीने जमलेले आहेत. मग तीच पद्धत आपल्या होडीजवळ आली की ती एकदम जाचक कशी ठरते?

‘एका गळाने काय होतं’ या वाक्यात एक जुना गैरसमज आहे. एक गळ कधीच एकटा नसतो. व्यावसायिक मासेमारीत अनेक देशांनी बोटींची संख्या, परवाने, कोटा यांवर मर्यादा घातली आहे. हौशी होड्यांची संख्या बहुतेक ठिकाणी मोकळी आहे. ज्याला परवडेल त्याने घ्यावी आणि निघावं. शिवाय होडीत काय आहे तेही पाहा. पूर्वी पाण्याखालचा खडक सापडायला उमेदवारी करावी लागे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवायच्या, शिशाचं वजन सोडून तळ चाचपायचा, ओहोटीचा ओढा समजायला काही हंगाम घालवायचे, आणि तरी चार जागा हाती लागल्या तर नशीब. आता जीपीएसवर बिंदू साठवला की तो खडक कायमचा आपला, आणि मित्राला पाठवला की मित्राचाही. सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं टिपणारं यंत्र, माशाचा थर दाखवतो. नव्या पिढीचा, समोर बघणारा सोनार तर आमिषाकडे वळणारा एकेक मासा पडद्यावर दाखवतो. नांगर न टाकता होडी जागेवर धरून ठेवणाऱ्या विजेच्या मोटारी आल्या आहेत. हे सगळं वापरायला मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण माशाला पूर्वी मिळणारं संरक्षण कायद्याचं नव्हतंच, ते आपल्या अज्ञानाचं होतं, आणि ते आपण बाजारातून विकत घेतलेल्या यंत्रांनी संपवलं आहे. त्या जागी दुसरं काही यायला नको?

मोजणी नसली की काय होतं, ते मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपर या माशाने दाखवलं. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण हौशी लोक ती सरकारी मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगतात आणि त्यांचा राग बराचसा रास्त आहे. तिथल्या कोट्यात व्यावसायिकांना ५१ टक्के आणि हौशींना ४९ टक्के असा वाटा ठरलेला होता. २००७ पासून व्यावसायिकांचा हिस्सा बोटीगणिक वाटून दिला गेला: प्रत्येकाने आपला वाटा वर्षभरात केव्हाही धरावा, उतरवताना नोंदवावा, संपला की थांबावं. हौशींचा हिस्सा मात्र सामाईक राहिला. किती होड्या जातात, किती मासे धरतात, हे नमुना-सर्वेक्षणातून अंदाजाने काढलं जाई, आणि तो अंदाज यायला वेळ लागे. मग नियंत्रणाला एकच दोरी उरली: किती दिवस मोकळीक द्यायची. साठा सावरत गेला, मासे मोठे आणि भरपूर झाले, गळाला पटापट लागू लागले. कोटा वजनात असल्याने तो लवकर भरू लागला. राज्यांनी आपल्या हद्दीतल्या पाण्यात हंगाम लांबवले, तीही मासळी याच कोट्यातून जात होती. परिणाम असा, की समुद्रात मासे वाढत असताना केंद्राच्या पाण्यातला खासगी होड्यांचा हंगाम आक्रसत गेला. २०१४ साली तो ९ दिवसांचा होता. २०१७ साली ३ दिवसांचा जाहीर झाला.

तीन दिवस! वारा असो, लाट असो, त्याच तीन दिवसांत सगळ्यांनी निघायचं. यावर आरडाओरडा झाला नसता तरच नवल. मग त्याच वर्षी ३९ दिवस वाढवून दिले गेले, त्याने मर्यादा ओलांडली जाईल हे माहीत असूनही, आणि प्रकरण कोर्टात गेलं. यातून हौशी मंडळींनी निष्कर्ष काढला की मर्यादाच चुकीच्या. मी उलटा निष्कर्ष काढतो. त्याच समुद्रात, त्याच माशावर, जवळपास तेवढाच वाटा असलेला व्यावसायिक वर्षभर धंदा करत होता, कारण त्याचा मासा न् मासा चोपडीत होता. आपला नव्हता, म्हणून आपल्यावर कॅलेंडर चालवलं गेलं. ज्याची नोंद नाही त्याच्याशी व्यवहार करताना व्यवस्थापकाला सावधगिरीचा सगळा भार त्याच्याच अंगावर टाकावा लागतो.

पुढे किनाऱ्यावरच्या राज्यांनी हा मासा आपल्या हाती घेतला, २०१८ पासून प्रयोग म्हणून आणि २०२० पासून रीतसर. मिसिसिपीची पद्धत मला त्यात सगळ्यांत पटते. निघण्याआधी फेरीचा क्रमांक घ्यायचा, परतल्यावर काय धरलं ते नोंदवायचं. आधीची फेरी बंद केल्याशिवाय पुढचा क्रमांक मिळत नाही. फॉर्म नाही, रांग नाही, मोबाइलवरचं काम. या राज्यांचे हंगाम आता तीन दिवसांचे राहिलेले नाहीत.

‘मासा कमी झाला तर सगळ्यांत आधी आम्हालाच कळेल,’ हा दावा मी अनुभवी लोकांकडून ऐकत आलो आहे आणि त्यात तथ्य आहे असं वाटण्याचा मोह होतो. रोज समुद्रावर असणाऱ्याला कळणार नाही तर कुणाला? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बार्ड सँड बास या माशाने याचं उत्तर दिलं आहे. हा मासा उन्हाळ्यात ठरावीक जागी विणीसाठी गर्दी करतो आणि भाड्याच्या हौशी बोटी त्याच जागी जातात. साठा ढासळत असताना दर फेरीमागे लागणारे मासे बराच काळ पूर्वीसारखेच राहिले, कारण उरलेले मासे त्याच ठिकाणी, तेवढ्याच दाटीने गोळा होत होते. घट दिसायला लागली तेव्हा फार उशीर झाला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट मांडलं गेलं. म्हणजे गळाच्या टोकाला बसून दिसतं ते त्या खडकावरचं. समुद्रातलं दिसतंच असं नाही.

आणि आठवण? ती तर आणखी फसवी. फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ या बेटाच्या धक्क्यावर हौशी मंडळी दिवसभराची मासळी फळीवर टांगून फोटो काढत आली आहेत. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने १९५६ ते २००७ पर्यंतचे असे फोटो जमवून टांगलेल्या माशांची मापं काढली. सरासरी वजन जवळपास २० किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. सुरुवातीच्या फोटोंत माणसाएवढे ग्रूपर आणि मोठे शार्क आहेत, शेवटच्या फोटोंत वीतभर-हातभर स्नॅपर. पण चेहरे बघा, शेवटच्या फोटोतला माणूस पहिल्यातल्याइतकाच खुश आहे! आपण लहानपणी जे पाहिलं तेच मूळ धरून प्रत्येक पिढी घट मोजते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली या सरकत्या आधाररेषेकडे लक्ष वेधलं होतं. मासेमारीच्या गप्पांत मासा दर सांगण्यागणिक मोठा होतो अशी चेष्टा केली जाते. इथे तर उलटंच झालं आहे: मासा लहान होत गेला आणि अभिमान तेवढाच राहिला.

आता सोडून देण्याबद्दल. ‘मी धरतो आणि सोडतो, मला मर्यादा कशाला’ असं म्हणणारा माणूस वाईट नसतो, बहुधा तोच सगळ्यांत काळजी घेणारा असतो. त्याच्या पद्धतीचा फायदा खराही आहे. बहुतेक जातींचे बहुतेक मासे नीट सोडले तर जगतात. पण स्ट्राइप्ड बासच्या मूल्यांकनात सोडलेल्यांपैकी ९ टक्के मरतात असं धरलं आहे. शंभरातले नऊ. दर ऐकायला लहान आहे, पण जो मासा कोट्यवधींच्या संख्येने धरून सोडला जातो त्याच्या बाबतीत हे नऊ-नऊ साचून घरी नेलेल्यांच्या पुढे गेले. दिवसाला एकच मासा ठेवायची मर्यादा असली आणि पेटी भरल्यावरही माणूस त्याच थव्यावर संध्याकाळपर्यंत गळ टाकत राहिला, तर कागदावर त्याचा एक मासा लागतो. समुद्राच्या खात्यातून गेलेले वेगळेच असतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ठेवलेला लहान मासा मोठा मिळाल्यावर टाकून देणं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या हौशी कॉड मासेमारीत यावर सरळ उपाय आहे: माणशी दिवसाला ५, होडीमागे जास्तीत जास्त १५, आणि लागलेला कॉड सोडायचा नाही, तो मोजणीत धरायचाच. पहिल्यांदा वाचताना हा नियम उफराटा वाटतो. थंड डोक्याने पाहिलं तर त्यात प्रामाणिकपणा आहे.

खोल पाण्यातल्या माशांचं तर आणखी अवघड. तीस-चाळीस मीटरवरून मासा झपकन वर ओढला की दाब कमी होऊन त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. डोळे बाहेर येतात, जठर उलटून तोंडातून डोकावतं, मासा पाण्यावर पोट वर करून तरंगत राहतो आणि पक्ष्यांचा घास होतो. तोंडातून आलेला तो फुगा म्हणजेच हवेची पिशवी असं समजून त्याला टोचणारे लोक मी पाहिले आहेत. ते जठर असतं, ते टोचायचं नसतं. यावर साधं साधन आहे: जबड्याला अडकणारा चिमटा आणि खाली वजन. मासा परत खोलवर न्यायचा, तिथल्या दाबाने हवा आकसते, चिमटा सुटतो आणि मासा पोहत जातो. हे साधन पहिला मासा लागायच्या आधी हाताशी तयार हवं, पेटीच्या तळाशी नव्हे. मेक्सिकोच्या आखातात असा चिमटा किंवा हवा सोडण्याची योग्य सुई २०२२ साली होडीवर बाळगणं कायद्याने सक्तीचं झालं. बाकीच्या गोष्टी गरवणाऱ्याला ठाऊक असतात पण घाईत राहून जातात: आमिष लावून गरवताना गोल वळलेला सर्कल हुक वापरला की तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, फक्त हिसका न देता दोरी ताणत न्यायची, हात ओले करूनच मासा धरायचा, कल्ल्यांत बोटं घालून लटकवायचं नाही, आणि पातळ दोरीवर अर्धा तास झुंज देण्याची शान मारण्यापेक्षा दणकट दोरीने लवकर वर घ्यायचं. आणि खोल खडकावर सगळे छोटेच लागत असतील तर नांगर उचलायचा. सोडण्याच्या कौशल्यावर विसंबून तिथेच बसून राहणं हा उपाय नाही.

माझ्या भूमिकेवरचा खरा जोरदार हल्ला वेगळाच आहे आणि तो मोजणीवरच आहे. मोजतं कोण, आणि बरोबर मोजतं का? अमेरिकेचं हौशी मासेमारीचं सर्वेक्षण २००६ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासलं आणि त्यात मूलभूत दोष असल्याचं सांगितलं. मग घरोघरी फोन करण्याऐवजी टपालाने प्रश्नावली पाठवण्याची पद्धत आली, २०१८ साली जुने आकडे नव्या पद्धतीशी जुळवले गेले आणि हौशींची मासळी एकदम खूप जास्त दिसू लागली. त्यानंतर २०२३ साली खुद्द हे सर्वेक्षण करणाऱ्या मत्स्यखात्यानेच सांगितलं, की प्रश्नांच्या क्रमामुळे लोक आपल्या फेऱ्या वाढवून सांगत असावेत आणि अंदाज ३० ते ४० टक्के जास्त येत असावा. रेड स्नॅपरचंही असंच. शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाने कॅमेरे आणि खुणा लावून स्वतंत्र मोजणी केली तेव्हा आखातात आधीच्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट मासे निघाले. असल्या आकड्यांवर माझी हौस बंद करणार का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला गप्प बसवण्याचा अधिकार मला नाही. चूक शास्त्राची होती आणि तिचा भुर्दंड लोकांनी भरला.

पण या चुकांचं मूळ कुठे आहे ते पाहा. हौशींची यादीच नव्हती, म्हणून किनाऱ्यालगतच्या घरांना सरसकट विचारावं लागलं. परतल्यावर नोंद नव्हती, म्हणून गेल्या दोन महिन्यांतल्या फेऱ्या आठवायला सांगाव्या लागल्या. जी मोजणी आपण नाकारली तिच्याच अभावामुळे वाईट मोजणी करावी लागली, आणि आता त्या वाईट मोजणीकडे बोट दाखवून आपण चांगली मोजणी नाकारतो आहोत. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०१० साली होडीतून हौशी मासेमारीसाठी परवाना आणला. त्याचा सगळ्यांत मोठा उपयोग शुल्काचा नव्हता. कुणाला विचारायचं त्याची यादी हाती आली आणि पुढची राज्यव्यापी सर्वेक्षणं त्या यादीतून झाली. शिवाय रेड स्नॅपरची ती तिप्पट मोजणी कुणाच्या बाजूने गेली? हौशींच्याच. मोजणी म्हणजे आपल्याविरुद्धचा कट असं धरून चालणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी लक्षात ठेवावं.

युरोपातला सी बास मासा हे याच्या उलट टोकाचं उदाहरण. साठा घसरल्यावर २०१५ साली हौशींना दिवसाला ३ मासे अशी मर्यादा आली. मग वर्षाचा पहिला अर्धा भाग शून्य आणि पुढे एक. २०१८ साली आरंभी तर वर्षभर एकही ठेवायचा नाही असं ठरलं, आणि ऑक्टोबरपासून रोज एकाची सूट मिळाली. त्याच काळात काही व्यावसायिक जाळ्यांना आणि गळांना सवलत होती. हौशींचा संताप झाला आणि तो योग्यच होता असं मला वाटतं. पण वाटपाच्या टेबलावर एकाकडे किलोकिलोचा हिशेब आणि दुसऱ्याकडे निषेधाचे फलक असले, तर काय होणार? युरोपियन महासंघाने आता ठरावीक जातींची हौशी मासळी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवण्याचा नियम केला आहे, २०२६च्या जानेवारीपासून. तिथल्या अनेक हौशींना तो पाळत वाटतो. मला तो उशिरा मिळालेला मताधिकार वाटतो.

‘मजेसाठी मारणं बंदच करा’ म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो, कारण त्यांचा मुद्दा साठ्याचा नाही, नीतीचा आहे, आणि तो त्यांनी तसाच उघड मांडावा. साठ्याच्या दृष्टीने माशाचा जीव पोटासाठी गेला की हौसेसाठी, याने तिळमात्र फरक पडत नाही. फरक पडतो तो किनाऱ्यावर उरणाऱ्या माणसांनी. १९५० पासून अमेरिकेत गळ, रॉड, रीळ यांवरच्या करातून मत्स्यसंवर्धनाला पैसा मिळतो आहे, तो हौशींच्या खिशातला. नदीमुख बुजवलं, कारखान्याने पाणी सोडलं, तर आधी बोंब मारणारेही बहुधा हेच. त्यांना हाकलून समुद्राला एक साक्षीदार कमी होईल.

मर्यादा कशी असावी, यावर मात्र माझं ठाम म्हणणं आहे. ‘लहान सोडा, मोठे घ्या’ हा आपला जुना शिरस्ता अर्धवट आहे. २०१८ साली माशांच्या अनेक जातींवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की मादी जितकी मोठी तितकी अंडी वजनाच्या प्रमाणापेक्षाही जास्त. ३० किलोची एक कॉड मादी २ किलोच्या २८ माद्यांहून अधिक अंडी घालते, म्हणजे ५६ किलो मासळीपेक्षा त्या एका मादीची किंमत विणीसाठी जास्त. म्हणून मर्यादेला खालची कड हवी तशी वरचीही हवी. फोटो काढायचा तो याच माशाचा असतो आणि सोडायचाही हाच, ही पंचाईत आहे खरी. फोटो होडीशेजारी पाण्यातच काढावा.

परवाना होडीतून गरवणाऱ्यालाच असावा, शुल्क नाममात्र. काठावर बसून गळ टाकणाऱ्या मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना या भानगडीत ओढू नये, त्यांचा भार वेगळा आणि थोडा. नोंदीत तारीख, गळ पाण्यात असल्याचे तास, ढोबळ विभाग, खोली, ठेवलेले, सोडलेले, एवढंच. ढोबळ विभाग यासाठी, की कुणालाही आपला खडक सांगायचा नसतो आणि सांगायला लावूही नये. साठ्याच्या गणिताला काही मैलांचा चौकोन पुरतो. सगळ्यांत जास्त चुकवली जाणारी नोंद रिकाम्या फेरीची असेल. वीस मासे लागले की माणूस उत्साहाने लिहितो, काहीच न लागता परतला की मोबाइल खिशातच राहतो. अशाने दर फेरीमागची मासळी खोटी फुगते, साठा चांगला दिसतो आणि घट उशिरा कळते. सँड बासचाच घोटाळा, या वेळी आपण आपल्या हाताने केलेला. म्हणून पुढचा फेरीक्रमांक देताना मागची फेरी बंद करायला लावणारी ती मिसिसिपीची अट वगळून चालणार नाही, आणि ऐच्छिक ॲपवर समाधान मानणाऱ्या संघटनांशी माझा मतभेद आहे तो नेमका इथे.